बेपत्ता विमान आणि अटकळींचा बाजार

८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे विमान २३९ माणसांसह बेपत्ता झाले, त्यानंतरच्या आठवड्यातील ही गोष्ट. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात 'जोखीम आणि अनिश्चितता' या प्रकरणाची उजळणी चालली होती. परीक्षा तोंडावर आलेली असूनही वर्गाचे चित्त पुस्तकात नव्हते. मागच्या बाकांवर त्या विमानाचीच चर्चा होती. तेव्हा पुस्तक मिटून मी प्रत्येकाला एक चिठ्ठी लिहावयास सांगितली : विमानाचे काय झाले असावे? नाव घालू नये, एका वाक्यात लिहावे. अठ्ठावन्न चिठ्ठ्या आल्या. अपहरण, अतिरेकी, वैमानिकाची आत्महत्या, अमेरिकेने दिएगो गार्सियाच्या तळावर उतरवून घेतले, चीनने पाडले, मालात सोने होते, आग लागली, परग्रहावरच्या लोकांनी नेले (ही चिठ्ठी थट्टेची असावी, असे मी धरून चाललो). घरी जाऊन त्यांची वर्गवारी केली तेव्हा अकरा निरनिराळ्या उपपत्ती भरल्या. 'मला माहीत नाही' असे लिहिणारा मात्र त्या अठ्ठावन्नांत एकही नव्हता.

यात विद्यार्थ्यांना हसण्यासारखे काही नाही. त्याच दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत चहा घेताना आम्हीही तेच करीत होतो. फरक एवढाच, की आम्ही चिठ्ठीवर सही करण्याच्या थाटात बोलत होतो. ज्ञात वस्तुस्थिती पैशाला पासरी मिळत नसते. ती दुर्मिळ असते आणि तिचा पुरवठा फार सावकाश होतो. उलट मोठ्या आपत्तीनंतर स्पष्टीकरणाची मागणी एका रात्रीत वाढते आणि ती थोपविता येत नाही. मागणी ताठर आणि पुरवठा तोकडा, अशी स्थिती झाली की धान्याच्या बाबतीत जे होते तेच माहितीच्या बाबतीतही होते. काळा बाजार सुरू होतो. अफवा हा माहितीचा काळा बाजार होय, अशी व्याख्या करण्याचा मोह अर्थशास्त्राच्या शिक्षकाला होणे स्वाभाविक आहे.

ही कल्पना अर्थात माझी एकट्याची नव्हे. १९३४ च्या बिहारमधील भूकंपानंतर जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञांनी तिकडच्या अफवांचा अभ्यास करून १९३५ साली तो एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. धक्के ज्यांना जाणवले, पण ज्यांची घरे पडली नव्हती, अशा लोकांत यापुढे आणखी भयंकर काही घडणार असल्याच्या वार्ता पसरत होत्या. मनातली भीती खरी. तिला साजेसे कारण मात्र डोळ्यांसमोर नाही. तेव्हा कारण निर्माण करावयाचे. पुढे १९४७ साली ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकन अभ्यासकांनी याला सूत्राचे रूप दिले : विषयाचे महत्त्व आणि त्याविषयीची संदिग्धता यांच्या गुणाकाराइतका अफवेचा जोर. गुणाकार म्हटला की एक बाजू शून्य झाली तर सगळेच शून्य होते. विमान सापडले, तपास लागला, संदिग्धता संपली की अफवा मरते.

याचा दाखला पाहण्यासाठी पनवेलकराला हिंदी महासागरात जाण्याचे कारण नाही. पूर्वेकडून मुंबईस येणाऱ्या विमानाला सह्याद्री ओलांडून मग कोकणपट्टीवर खाली यावे लागते. पावसाळ्याच्या रात्री ढग डोंगरांना टेकलेले असतात आणि घाट कुठे संपला हे डोळ्यांना कळत नाही. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाने बँकॉकहून मुंबईकडे येणाऱ्या अलिटालिया कंपनीच्या डीसी-८ जातीच्या विमानाचा संदेश अचानक थांबला. पुढे ते जुन्नरच्या डोंगरात छिन्नविच्छिन्न अवस्थेत सापडले. आतील ९४ पैकी कोणीही वाचले नाही. आपण मुंबईच्या वाटते त्याहून अधिक जवळ आलो आहोत, असा वैमानिकाचा समज झाला आणि त्यामुळे तो अंधारात फार लवकर खाली उतरू लागला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. यंत्र सुस्थितीत, माणसे अनुभवी, आणि तरीही मध्ये डोंगर उभा.

सतरा वर्षांनी, ४ ऑगस्ट १९७९ रोजी, जवळजवळ तीच कथा आमच्या दारात घडली. पुण्याहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ॲव्हरो विमान खराब हवेत पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील पंचेचाळीसही जण दगावले. आज पनवेलमधील किती जणांना हे ठाऊक आहे? मी येथे नोकरीला लागलो तेव्हा दोन निवृत्त सहकाऱ्यांना त्याविषयी विचारले होते. एकाने खिडकीतून एक डोंगर दाखविला, दुसऱ्याने भलताच; आणि दोघांनाही आपल्या डोंगराविषयी खात्री होती. त्यापलीकडे सांगण्यासारखे दोघांकडेही फारसे नव्हते. घातपाताची कथा नाही, परकीय हाताची नाही, सोन्याची नाही. याचे एक कारण असे की आठवडाभरातच, ११ ऑगस्टला, गुजरातेत मच्छू नदीवरील धरण फुटून मोरवी वाहून गेली आणि वर्तमानपत्रांची पाने तिकडे वळली. दिल्लीत सरकारही नुकतेच बदलले होते. लोकांचे लक्ष हीसुद्धा मर्यादित वस्तू आहे. परंतु मुख्य कारण मला वेगळे वाटते. विमान सापडले होते. डोंगर, ढग आणि रात्र एवढ्यात त्याचा उलगडा होत होता. उलगडलेली गोष्ट लोक विसरतात. पंचेचाळीस घरांचे दुःख काही कमी प्रतीचे नव्हते. पण कोडे नसल्यामुळे त्याला श्रोते उरले नाहीत. मलेशियाचे विमान जगाच्या स्मरणात राहिले ते २३९ माणसांमुळे राहिले, की न सुटलेल्या कोड्यामुळे, हा प्रश्न आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा.

मुंबईकरांच्या आठवणीतील मोठी घटना मात्र १९७८ च्या पहिल्याच दिवसाची आहे. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो विमान, त्या कंपनीने घेतलेले पहिलेच बोइंग ७४७, रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघाले आणि दीड-पावणेदोन मिनिटांत वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. पहिली अटकळ घातपाताची होती. आणि ती केवळ चहाच्या टपरीवरची नव्हती, चांगले जाणते लोकही तसेच बोलत होते. एवढे मोठे विमान, नवीन वर्षाचा पहिला दिवस, इतक्या थोड्या अवधीत नाश. कारणही तेवढेच मोठे असले पाहिजे, असा आपल्या मनाचा हिशेब असतो. समुद्रातून जे अवशेष वर काढण्यात आले, त्यांत स्फोटाचा किंवा आगीचा पुरावा मिळाला नाही. चौकशीत जे निघाले ते इतके लहान होते की ऐकणाऱ्याचा विश्वास बसू नये. विमान कोणत्या बाजूला किती कलले आहे हे दाखविणारे मुख्य वैमानिकासमोरचे उपकरण बिघडले होते. विमान उजवीकडे कललेले आहे असे ते सांगत होते आणि ते खरे मानून वैमानिकाने विमान डावीकडे वळविले, वळवीत नेले. बाहेर काळा समुद्र, काळे आकाश, क्षितिज नाही. ज्या एका साधनावर भरवसा ठेवावयाचा तेच खोटे बोलत होते. पुढे हा वाद अमेरिकेत सिॲटलच्या न्यायालयात गेला आणि विमान व उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांवरील निष्काळजीपणाचे आरोप १९८५ साली तेथील न्यायाधीशांनी फेटाळून लावले. म्हणजे प्रश्नाचे उत्तर मिळूनही दोषाचे उत्तर मिळाले नाही. माझ्या वडिलांच्या पिढीतील काही माणसे अखेरपर्यंत "तो बॉम्बच होता" असे म्हणत राहिली, त्याचे मूळ यातच असावे. लोकांना कारण हवे असते त्यापेक्षा आरोपी अधिक हवा असतो.

यावर कोणी म्हणेल, की मग अटकळ करणेच वाईट का? तसे मुळीच नाही. ११ एप्रिल १९५५ रोजी बांडुंग परिषदेकडे निघालेले एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' समुद्रात पडले, तेव्हा घातपाताचा संशय घेणारे बरोबर ठरले. हाँगकाँगमध्ये त्यात टाइमबॉम्ब ठेवण्यात आला होता. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर 'कनिष्क' नाहीसे झाले, ३२९ माणसे गेली, तेव्हाही पहिला संशय बॉम्बचाच होता आणि दोन हजार मीटर खोल पाण्यातून काढलेल्या अवशेषांनी व ध्वनिमुद्रणांनी तोच खरा केला. याच्या उलट २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर कोसळलेले 'कांचनगंगा'. त्यात डॉ. होमी भाभा होते, एवढ्यावर साठ वर्षे एक कथा जगते आहे. फ्रेंच चौकशीने शिखराच्या संदर्भात विमानाचे स्थान चुकीचे समजले गेले, असे म्हटले. त्याच पर्वतावर १९५० साली 'मलबार प्रिन्सेस' आदळले होते, हेही खरे. आणि २०१२ मध्ये हिमनदीतून भारत सरकारच्या टपालाची एक थैली वर आली, तेव्हा तिच्यात रहस्य सापडेल या आशेने लोक पुन्हा सरसावले. थैलीत वर्तमानपत्रे आणि तसलीच कागदपत्रे निघाली. कथेवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

येथे अटकळ आणि अफवा यांतील भेद सांगणे भाग आहे, कारण बोलण्यात आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. अटकळ हरू शकते. तिच्यासाठी काहीतरी पणाला लागलेले असते. बाजारातील सट्टेवाल्याला आपण नावे ठेवतो. परंतु कापसाचा भाव चढेल असे म्हणणाऱ्या सट्टेवाल्याचा भाव उतरल्यावर पैसा जातो. एके काळी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर चालणाऱ्या मुंबईच्या मटक्यातसुद्धा आकडा चुकला तर लावणाऱ्याचा रुपया जात असे. अफवा पसरविणाऱ्याचे काय जाते? दिएगो गार्सियाची कथा सांगणाऱ्याला ती खोटी ठरली म्हणून कोणी चहाचे पैसेही मागत नाही. किंबहुना ती खोटी ठरतच नाही. पुरावा सापडला नाही, की 'बघा, कसा दडविला' हाच तिचा पुरावा होतो.

खरा शोध याच्या नेमका उलट चालतो. १ जून २००९ रोजी रिओ द जानेरोहून पॅरिसकडे जाणारे एअर फ्रान्सचे विमान २२८ माणसांसह अटलांटिक महासागरात पडले. तरंगणारे काही अवशेष काही दिवसांत मिळाले. पण मुख्य सांगाडा आणि 'ब्लॅक बॉक्स' जवळजवळ दोन वर्षे हाती लागले नाहीत. अखेरीस संख्याशास्त्रज्ञांना बोलाविण्यात आले. त्यांनी वापरलेली पद्धत अठराव्या शतकातील थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखली जाते आणि ती घरातील कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. किल्ली हरवली. ती कपाटात असण्याचा संभव अधिक, देव्हाऱ्यापाशी थोडा कमी, अंगणात आणखी कमी. कपाट नीट पाहिले, मिळाली नाही. मग कपाटाचा संभव घटतो आणि तेवढा देव्हाऱ्याचा व अंगणाचा वाढतो. परंतु दिवे गेलेले असताना कपाट चाचपले असेल, तर 'कपाटात नाही' असे ठामपणे म्हणता येत नाही. अटलांटिकमध्ये असेच झाले होते. ब्लॅक बॉक्सला जोडलेले आवाज देणारे यंत्र साधारण महिनाभर चालते. त्या काळात विमानाच्या शेवटच्या ज्ञात ठिकाणाभोवतीचा समुद्र कान लावून ऐकला होता, आवाज आला नव्हता, म्हणून तो भाग बाद धरण्यात आला. ती यंत्रेच मुकी झाली असतील तर, असा प्रश्न विचारून गणित पुन्हा मांडल्यावर बाद धरलेला भागच सर्वांत संभवनीय ठरला. मार्च २०११ च्या अखेरीस तेथे शोध सुरू झाला आणि आठवडाभरात सुमारे ३,९०० मीटर खोलीवर सांगाडा सापडला, शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून बारा-तेरा किलोमीटरवर. 'ऐकू आले नाही' आणि 'तेथे नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत, हे समजण्यास दोन वर्षे लागली.

मलेशियाच्या विमानाच्या बाबतीत हे गणितही अपुरे पडले. वैमानिकांशी संभाषण थांबल्यावरही जवळजवळ सात तास त्यातील एक यंत्र तासा-दीड तासाने उपग्रहाला 'मी आहे' एवढेच कळवीत होते. त्या संकेतांवरून ते दक्षिण हिंदी महासागरात गेले असे अनुमान निघाले. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर त्याच्या पंखाचा एक भाग वाहत आला तेव्हा त्याला पुष्टी मिळाली. २०१७ च्या जानेवारीपर्यंत १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ पाहण्यात आला. आपला कोकण विभाग तीस हजार चौरस किलोमीटरच्या थोडा वर आहे. म्हणजे असे चार कोकण, आणि तेही पाण्याखाली. खोली चार हजार मीटरच्या आसपास. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी शिखर बुडून वर पाणी उरेल. त्यानंतर एका खाजगी कंपनीने २०१८ साली 'सापडले तर पैसे द्या, नाही तर देऊ नका' अशा अटीवर शोध घेतला, तोही व्यर्थ गेला. मार्च २०२५ मध्ये मलेशिया सरकारने त्याच कंपनीशी पुन्हा तसाच करार केला : आणखी १५,००० चौरस किलोमीटर, आणि सापडल्यास सात कोटी डॉलर. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा करार मोठा बोधप्रद आहे. सरकारने पैसा राखला आणि जोखीम त्या कंपनीवर टाकली. तिची अटकळ चुकली तर जहाजांचा, यंत्रांचा, खलाशांच्या पगाराचा खर्च तिच्या अंगावर. माझ्या वर्गातील अकरा उपपत्तींपैकी एकीलाही कोणी असे पैसे लावले नसते.

तथापि काळ्या बाजाराचा सगळा दोष गिऱ्हाइकावर टाकणे हे अन्यायाचे आहे. रेशनचे दुकान वेळेवर उघडले नाही तर लोक दुसरीकडे जाणारच. २०१४ च्या त्या पहिल्या आठवड्यात शोध मुख्यतः दक्षिण चिनी समुद्रात चालला होता. विमान मागे वळून पश्चिमेकडे गेल्याच्या रडारवरील खुणा मात्र लष्कराकडे होत्या आणि त्या थोड्या थोड्या, नाइलाज झाल्यासारख्या बाहेर आल्या. त्याहून क्षुल्लक, पण त्याहून घातक एक चूक झाली. विमानातून आलेले शेवटचे शब्द म्हणून एक वाक्य अधिकाऱ्यांनी जगाला सांगितले. तीन आठवड्यांनी कळविण्यात आले की शब्द तसे नव्हते. फरक किरकोळ होता. पण जे सरकार एक वाक्य नीट सांगू शकत नाही त्याची बाकीची वाक्ये का मानावीत, असे प्रवाशांच्या नातलगांना वाटले तर त्यांना दोष कोण देईल? आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अपघाताचा प्राथमिक अहवाल तीस दिवसांत अपेक्षित असतो. तीस दिवस हा तज्ज्ञांना थोडा आणि आईला फार मोठा काळ आहे. मधल्या प्रत्येक दिवशी ठरलेल्या वेळी एका जबाबदार अधिकाऱ्याने तीन गोष्टी सांगाव्यात : काय कळले, काय कळले नाही, आणि कालचे काय चुकीचे निघाले. यापैकी तिसरी गोष्ट सांगण्याची सवय आपल्याकडील कोणत्याच कार्यालयाला नाही.

आणि ज्यांचे माणूस त्या विमानात होते त्यांचे काय? आपण चर्चा करून घरी जातो. त्यांना कागदपत्रे करावयाची असतात. मृतदेह नाही म्हणजे मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणजे विमा नाही, बँकेचे खाते नाही, वारसाची नोंद नाही. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो जिवंत असल्याचे शाबीत करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो, असा आपल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील १०८ व्या कलमाचा आशय होता, आणि तीच तरतूद आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. सात वर्षे. तोवर बाई ना सौभाग्यवती, ना विधवा. सरकारी नोकरांच्या कुटुंबांसाठी नियमांत काही सवलती झाल्या आहेत. पण ज्या कोषागारातील कारकुनाने अशी फाइल हाताळली असेल त्याला त्या सवलतींचा प्रवास विचारावा. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदिगडहून लेहकडे गेलेले हवाई दलाचे विमान १०२ जणांसह हिमालयात नाहीसे झाले. त्याचे पहिले अवशेष २००३ साली गिर्यारोहकांना दिसले, आणि २०२४ मध्ये, छप्पन वर्षांनी, आणखी चार देह बर्फातून काढले गेले. मधल्या काळात या घरांतल्या आया आणि बायका म्हाताऱ्या होऊन गेल्या. जुलै २०१६ मध्ये तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेल्या एएन-३२ विमानातील २९ जणांचा माग त्या मानाने लवकर, म्हणजे साडेसात वर्षांनी, बंगालच्या उपसागराच्या तळाशी लागला.

प्रवासी विमानांच्या बाबतीत भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार माँट्रियल येथे १९९९ साली झाला आणि भारत त्यात २००९ पासून आहे. दावा दोन वर्षांत लावावा लागतो. ही दोन वर्षे मोजावयाची कोठून? विमान पोहोचल्याच्या दिवसापासून, किंवा ते ज्या दिवशी पोहोचावयास हवे होते त्या दिवसापासून, असे त्यात म्हटले आहे. कायद्याच्या भाषेइतकी कोरडी भाषा दुसरी नाही. तरी या शब्दांपाशी मी थांबलो होतो. मलेशियाच्या विमानातील प्रवाशांत पाच भारतीयही होते. ८ मार्च २०१६ च्या सुमारास अनेक देशांतील कुटुंबांना, आपले माणूस गेले हे मनाने मानलेले नसतानाही, मुदत टळू नये म्हणून दावे दाखल करण्याची धावपळ करावी लागली. आपण ज्या अटकळी मौजेने करतो त्या अशा घरांत शिरतात. 'ते कुठेतरी उतरविले आहे' हे वाक्य आपल्याला गप्पा वाटते; त्या घरात ते आणखी एक वर्ष दार उघडे ठेवते.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण आमच्याच डोक्यावरून जाते आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून पनवेल तालुक्याच्या भूमीवर विमाने उतरू लागली. ज्या गावाने विमान फक्त आकाशात किंवा डोंगरावर पाहिले, ते आता विमानाचे शेजारी झाले आहे; आणि शेजाऱ्याविषयी बोलणे हा आपला जुना उद्योग. त्याच्या सहा महिने आधी, १२ जून २०२५ रोजी, अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. जमिनीवरील माणसे धरून २६० जणांचे प्राण गेले. हे विमान बेपत्ता नव्हते, सगळ्या जगासमोर पडले होते. बेपत्ता होते ते कारण. बरोबर एका महिन्याने प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा चालू-बंद करणारे खटके उड्डाणानंतर काही क्षणांतच एकामागोमाग 'बंद'कडे गेले, एक वैमानिक दुसऱ्याला 'का बंद केलेस' असे विचारतो आणि दुसरा 'मी केले नाही' असे सांगतो, एवढे त्यात होते. कोण कोणाला म्हणाला ते नव्हते. मूळ शब्दही नव्हते, केवळ आशय होता. माझ्या मते ही दोन वाक्ये अशा रीतीने देणे चुकीचे होते. द्यावयाची तर मूळ शब्दांत, वेळेसह, पुढच्या-मागच्या संभाषणासह द्यावीत. नाही तर अंतिम अहवालापर्यंत राखून ठेवावीत. अर्धा शिधा वाटला की रांगेत मारामारी होते. ती झालीच, आणि ज्यांना उत्तर देता येणार नाही अशा दोन मृत माणसांवर जगभर खटला चालला.

त्या जुलै महिन्यात मी वर्गात पुन्हा चिठ्ठ्या मागितल्या. या वेळी उपपत्ती कमी निघाल्या, चारच. पण अक्षर अधिक ठसठशीत होते आणि तीनांत तर उद्गारचिन्हे होती. मग विचारले, पंधरा पानांचा तो अहवाल कोणी वाचला आहे? तीन हात वर आले, त्यांतील एक अर्धवट. म्हणून दोन तास खर्चून आम्ही तो मोठ्याने वाचला. तांत्रिक शब्दांना अडखळत, मध्येच फळ्यावर विमानाची आकृती काढीत वाचला. तास संपताना खिडकीजवळच्या बाकावरील एक मुलगा थोडा नाराज होऊन म्हणाला, "सर, पण हे कोणी केले ते यात कुठेच लिहिलेले नाही." मी म्हटले, "नाही लिहिलेले." त्याने वही मिटली, पण तो लगेच उठला नाही, शेवटचे पान परत मागून घेऊन वाचीत बसला.